पालथी रोटी

"हे ज्यानं लिहिलंय तो आंधळा तरी असेल, नाहीतर आळशी. तुला काय वाटतं?"

हमदूनबाबांनी पुस्तक रिदवानच्या पुढ्यात सरकवलं.

पुस्तक त्याचंच होतं.

तीन वर्षं खपून त्याने कसीरा प्रांताचं वर्णन लिहिलं होतं. उत्तरेला भूमध्य समुद्र, दक्षिणेला खारी दलदल, मधे ऑलिव्हच्या टेकड्यांची चिंचोळी पट्टी. पाच तालुके, एकशे सोळा गावं. प्रत्येक गावाची विहीर, धक्का, घरं, माणसं. पुस्तकावर नाव मात्र त्याचं नव्हतं, सुभेदाराची मोहोर होती. मोबदल्यात दफ्तराच्या प्रमुखाची जागा त्याला मिळणार होती. त्याआधी थोडं ज्ञानही पदरात पाडून घ्यावं, म्हणून तो बाबांचा शिष्य व्हायला आला होता. बोलता बोलता पुस्तकाचं गुपित हळूच सांगायचं, हेही त्याने वाटेतच ठरवलं होतं.

"चूक कुठे सापडली, बाबा?"

"आमच्याच गावाची. मिल्ह्याची. काढ पान."

रिदवानने पान काढलं नाही.

"मिल्हा. घरं चौऱ्याण्णव. माणसं एकशे ब्याऐंशी, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. वस्ती ओसरती."

"तोंडपाठ आहे की तुला!"

रिदवानने मान खाली घातली. बाबा त्याला ओळखणार नाहीत, अशी त्याची खात्री होती. शिरगणतीला आला तेव्हा बाबा तापाने आत पडून होते. त्याने उंबऱ्यावरूनच त्यांची नोंद केली होती.

"दोनशेच्या आत वस्ती, म्हणून डॉक्टरची बोट आता आमच्या धक्क्याला लागणार नाही," बाबा म्हणाले. "हुकूम आलाय. ती बघ, मब्रूका. तिच्या सुनेला नववा लागलाय. मागच्या खेपेला ती पोर त्या बोटीमुळेच वाचली."

अंगणाच्या कोपऱ्यात गावाची सामाईक भट्टी होती. तिच्यापुढे बसून मब्रूका रोट्या काढत होती.

"पण बाबा, लिहिणारा दारोदार फिरला असेल. पुरुष दिसलेच नाहीत, तर त्याने काय करायचं? 'आणखी कोण आहे घरात' म्हणून विचारलंही असेल. बायकांनी 'कोणी नाही' सांगितलं, तर दोष कुणाचा?"

"सांगणारच तसं. पुरुष सहा सहा महिने समुद्रावर असतात, स्पंज काढायला. परत येईपर्यंत त्यांचं नाव कोणी घेत नाही. मोजत तर नाहीच नाही."

"मग कळायचं कसं?" रिदवानचा आवाज चढला. "नाव घ्यायचं नाही, मोजायचं नाही! लिहिणाऱ्याने लोकांच्या मनात शिरायचं का?"

बाबांनी भट्टीकडे मान वळवली.

मग त्यांनी हाक मारली, "मब्रूका, तुझ्या घरच्या रोट्या आण गं इकडे."

मब्रूकाने फळी आणून मधे ठेवली. सात रोट्या. तीन सुलट्या, चार पालथ्या.

"याला सांग."

"त्यात काय सांगायचं? घरात जेवढी तोंडं, तेवढ्या भाजायच्या. घरात आहेत त्यांच्या सुलट्या. आणि..." तिने हनुवटीनेच समुद्राकडे दाखवलं. "त्यांच्या पालथ्या. वाटसरू आला की त्याला पालथी वाढायची. तो इथे जेवला की आपलं माणूस तिकडे जेवलं."

रिदवान फळीकडे बघत राहिला.

चार दिवस. चौऱ्याण्णव घरं. प्रत्येक घरात त्याच्यापुढे पालथी रोटी आली होती. कुठे तुकडा मोडला, कुठे अख्खी संपवली. 'करपलेली बाजू लपवता काय?' असा विनोदही त्याने केला होता. बायका पदराआड हसल्या होत्या. लोकांच्या स्वभावाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'अगत्यशील, पण स्वयंपाकात गबाळे.'

छापलं होतं ते. त्याच पानावर.

मब्रूका त्याच्याकडे निरखून बघत होती.

"दाढी काढलीस होय रे? तरीच म्हटलं! माझ्याकडे दोन खाल्ल्यास तू, आणि तिसरी अर्धी. एवढं बरं वाटलं होतं मला त्या दिवशी..."

रिदवानच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तिने शिवी दिली असती तर ती त्याला सोसली असती.

"बाबा..." त्याला पुढचे शब्द जुळवता येईनात. "आंधळाही मीच. आणि आळशीही. मला माफ करा."

"माझ्याकडे कशाला मागतोस?" बाबांनी पुस्तक आणखी त्याच्याकडे सरकवलं. "मी आहे की शिरगणतीत."

भट्टीत एक लाकूड तडकलं.

रिदवान उठला. सुभेदाराचं शहर दोन दिवसांच्या वाटेवर होतं. भर कचेरीत उभं राहून 'मी चुकीचं लिहिलं' असं म्हणावं लागणार होतं. त्यानंतर दफ्तराची जागा त्याला कोणी दिली नसती. तरीही त्याने पुस्तक काखेत मारलं. शिष्यत्वाची गोष्ट त्याने काढलीच नाही.

तो चपला घालत होता. मब्रूकाने फळीवरची एक पालथी रोटी उचलून त्याच्यापुढे धरली.

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

"मावशी... ही कुणाची?"

हा प्रश्न त्याने मिल्ह्यात पहिल्यांदाच विचारला होता. मब्रूकाने नाव घेतलं नाही. रोटी फडक्यात बांधून तिने गाठोडं त्याच्या हातात कोंबलं आणि भट्टीकडे वळता वळता म्हणाली,

"येशील ना परत? मग उद्यापासून तुझीही एक पालथी घालते."