गिरकी परी आणि गंजलेलं यंत्र

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे रान संपतं आणि गाव सुरू होतं, तिथे एका इवल्याशा घरात कुंदा राहायची. तिला आई नव्हती. बाबा होते, आणि कौलांच्या फटींतून रोज सकाळी आत उतरणारे उन्हाचे कवडसे होते. कुंदा त्यांना म्हणायची, "या, बसा." दुसरं कोण येणार त्यांच्याकडे!

बाबांचं नाव दिगंबर मेस्त्री. एके काळी ते लाकडाच्या सुंदर गोल गोल वस्तू घडवायचे. पाळण्याचे खांब, लाटणी, रंगीत भिंगऱ्या. पण कुंदाची आई गेली, आणि घरामागच्या शेडला त्यांनी कडी घातली ती घातलीच. आता मिळेल तिथे मोलमजुरी करायचे. कधी कधी घरात एकाच वाटीपुरती पेज असायची. तेव्हा बाबा म्हणायचे, "मला भूक नाही गं."

एके दिवशी ते म्हणाले, "कुंदे, पौर्णिमेला मी बंदरावर कामाला जाणार आहे. तिकडून माणूस न्यायला येईल. तू आत्याकडे राहशील ना?"

"तुम्ही परत कधी याल?"

बाबा खाली वाकून चूल फुंकू लागले.

कुंदा रडायला घरामागे गेली. मधुमालतीच्या वेलानं शेड पार गिळून टाकली होती. गुलाबी, पांढरे, लालचुटुक घोस लोंबत होते. खालची एक फळी निसटली होती, तिथून ती आत सरकली.

आत हिरवा, मऊ उजेड होता. त्या उजेडात बाबांचं लेथ उभं होतं. पायानं पायडल मारायचं आणि लाकूड गरगर फिरवत त्याला आकार द्यायचा, असं ते जुनं यंत्र. पण आता त्याच्यावर गंजाचे तांबडे पापुद्रे चढले होते. कोळ्यांनी जाळी विणली होती.

"तूसुद्धा एकटंच का रे?" कुंदा म्हणाली. फ्रॉकच्या टोकानं तिनं त्याचं मोठं चाक हळूच पुसलं.

चाकाच्या आऱ्यांमधून एक सोनेरी ठिणगी उडाली. ठिणगीची झाली एक पिटुकली परी! तिचे पंख पितळेच्या कातरणीसारखे वळणावळणाचे होते, पण कडांवर तपकिरी डाग पडले होते.

"मी गिरकी," परी म्हणाली. तिचा आवाज पैंजणासारखा किणकिणत होता. "जे जे फिरतं, त्यात मी असते. भोवऱ्यात, भिंगरीत, वाऱ्यावर गरगरणाऱ्या पानात. हे चाक थांबलं आणि मी इथेच अडकले. तू मायेनं हात लावलास, म्हणून मला जाग आली. एक इच्छा माग, बाळ."

"हे यंत्र नवं कर! मग बाबांना जावं लागणार नाही."

"अंहं. जे हातांनी होतं, ते माझ्याकडे मागायचं नाही. असा नियम आहे."

"मग बाबांना आनंदी कर."

"कुणाच्या मनालाही मी हात लावू शकत नाही. आणि आणखी एक. इच्छा एकच, आणि ती पुरी झाली की मी निघून जाणार."

कुंदानं डोळे पुसले. घरातून रॉकेल आणलं, नारळाच्या शेंड्या आणल्या आणि घासायला बसली. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्याही. बोटांना फोड आले की गिरकी त्यांवर गार फुंकर घालायची आणि दूर देशांतल्या पवनचक्क्यांच्या गोष्टी सांगायची. तांबड्या पापुद्र्यांखालून लोखंड डोकावू लागलं, तळ्यातल्या चांदण्यासारखं निळसर, रुपेरी.

पण चाक काही हलेना. शेवटी कुंदा बाबांपाशी गेली. "बाबा, तुमचं लेथ मी पुसलंय. बघायला या ना."

बाबांचा चेहरा उतरला. तरी ते आले. वेल बाजूला सारून त्यांनी कडी काढली. चकाकणाऱ्या लोखंडावरून त्यांनी तळवा फिरवला.

"तुझी आई पायडल मारायची," ते हलकेच म्हणाले, "आणि मी हत्यार धरायचो. एकट्यानं याच्यासमोर उभं राहवेना गं मला."

"मी आहे ना आता."

बाबांनी तिला कितीतरी वेळ जवळ धरलं. मग बाह्या सरसावल्या. सांध्यासांध्यांत तेल सोडलं, एकेक भाग खोलला, पुसला, परत बसवला. पण आतल्या दातेरी चाकाचा एक दात तुटलेला निघाला.

"असं चाक आता कुठेच मिळत नाही," बाबा म्हणाले.

कुंदा मनात हसली. हाताला न जमणारं काम मिळालं होतं! इच्छा मागायला ती वळली, तेवढ्यात मोठ्या चाकामागच्या अंधाऱ्या खोबणीतून, जिथे कुणाचाच हात पोचला नव्हता, बारीकशी चिवचिव ऐकू आली. तिथे दयाळ पक्ष्याचं घरटं होतं. पिलांचे डोळेही अजून उघडले नव्हते.

"माणसाचा हात लागला तर पिलांची आई घाबरून त्यांना सोडून जाईल," बाबा म्हणाले. "आणि यंत्र फिरलं तर पिलं चिरडतील."

उद्याच पौर्णिमा होती. कुंदानं चाकाकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. पिलांच्या पिवळ्या, उघड्या चोचींकडे पाहिलं.

बाबा तेलाचे हात धुवायला घरात गेले. "गिरकी," ती हळूच म्हणाली, "हे घरटं आईसकट झाडावर नेऊन ठेव. पिलांना कळूसुद्धा देऊ नकोस."

"हीच तुझी इच्छा? नीट विचार केलास?"

"हीच."

सोनेरी वाऱ्याची एक झुळूक आली. घरटं तरंगत तरंगत बाहेर निघालं आणि बहाव्याच्या पिवळ्याधमक झुंबरांमध्ये अलगद विसावलं. मागोमाग दयाळाची मादीही तिथे जाऊन बसली, जणू काही झालंच नव्हतं.

गिरकीच्या पंखांवरचे डाग विरून गेले. "आता मला गेलं पाहिजे," ती म्हणाली. "इच्छेला नियम असतात, कुंदे. पण जाताना मागे काय ठेवून जावं, याला नियम नाही." तिनं आपल्या पंखाची एक वळणदार कातरण तोडली आणि दातेरी चाकावर ठेवली. लखकन उजेड झाला. तुटक्या जागी पिवळाजर्द दात चमकू लागला.

"चालव!"

कुंदानं पायडलवर पाय ठेवला. चाक कुरकुरलं, मग हललं, मग घुमू लागलं. घुर्रर्र, घुर्रर्र! गिरकी त्या चाकावर नाचली, गोल गोल, वेगानं, आणखी वेगानं. नाचता नाचता तिचा प्रकाश झाला, प्रकाशानं शेड भरली, वेलीचं पान न् पान सोन्याचं झालं. आणि मग तिथे नुसतं दुपारचं ऊन उरलं.

आवाज ऐकून बाबा धावत आले. चाकाच्या पिवळ्या दाताकडे बघत, डोळे चोळत म्हणाले, "केवढं लख्ख ऊन आलं गं!"

दुसऱ्या दिवशी बंदरावरचा माणूस आला. बाबांनी त्याला सांगितलं, "माझं काम आता इथेच आहे." त्याला बसवून चहा दिला. बोलता बोलता कळलं, त्याच्या घरी सहा महिन्यांची मुलगी आहे. कुंदानं पायडल मारलं, बाबांनी हत्यार धरलं, आणि चहा संपेपर्यंत एक गोलमटोल खुळखुळा तयार झाला.

माणूस खुळखुळा घेऊन उतारानं निघाला. आपल्याकडे कोणी बघत नाही असं वाटून तो एकटाच तो वाजवत चालला होता. पार खालच्या वळणापर्यंत तो आवाज ऐकू येत होता, आणि दारात उभे असलेले बाबा, किती दिवसांनी, खळखळून हसत होते.