मोरपीस

"मग आज हात देणार ना, बापू?"

केतकीने चप्पल काढता काढताच विचारलं. नमस्कार नंतर केला.

मिरजेच्या सतारवाल्यांच्या गल्लीत रंगनाथबापूंची खोली. बापू गोंदणारे. आधी जत्रांमधून गोंदत फिरले, पुढे मशीन घेऊन इथे बसले. शेजारी कुणीतरी तार जुळवत असतं, इकडे बापूंची सुई गुणगुणत असते.

बापूंची एक रीत होती. शिष्य तयार झाला असं वाटलं की ते आपला डावा हात त्याच्यापुढे धरायचे. शिष्याने त्यावर एक खूण गोंदायची. ज्याची खूण बापूंच्या हातावर, त्यानेच आपल्या दुकानाच्या पाटीवर बापूंचं नाव लिहायचं. एरवी तो हात कायम लांब बाहीच्या आत, बटण लावून.

गेल्या वर्षी शिकणं संपल्यावर केतकीने हात मागितला होता. बापू म्हणाले होते, "वर्षभर काम करून ये."

पुण्यात वर्षभर काम करून ती आली होती. येताना पाटीही रंगवून आणली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून.

बापूंनी पाटीचं एक टोक उघडलं. कागद रंगाला चिकटून आला. बापूंच्या नावावर कालच्या बातमीची अर्धी ओळ उमटली होती.

"पेंटरनं घाई केली वाटतं."

"त्याने नाही. मीच केली," केतकी हसून म्हणाली.

लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. म्हणून तर बापूंना ती आवडायची.

"बरं. वर्षभर काय केलंस?"

ती याच प्रश्नाची वाट बघत होती. फोन बापूंच्या हातात देऊन ती शेजारी सरकून बसली.

"हे बघा, सुरुवातीला नुसती नावं. साधं 'आई' गोंदतानासुद्धा मला घाम फुटायचा. मग पानं, फुलं. दिवाळीनंतर चेहरे करायला लागले. आणि आता ही केसासारखी रेघ... पुण्यात अशी रेघ दुसरं कुणी ओढत नाही, बापू. लोक महिना महिना थांबतात माझ्यासाठी."

फुशारकी होती, पण खोटी नव्हती. रेघ खरोखरच देखणी होती.

बापूंनी एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. घाई केली नाही.

"हात सुटलाय तुझा. लई गोड काम."

केतकीचा चेहरा उजळला.

"ह्यातलं भरलेलं कुठलं?"

"म्हणजे?"

"ही सगळी ओली हायत. सुई उचलली, पुसलं, फोटो काढला. खपली पडून कातडी भरल्यावरचं एक तरी दाव की."

केतकीने फोन घेतला. वर सरकवला. खाली सरकवला.

"बरं झाल्यावर कोण येतं परत, बापू? काम आवडलं की लोक येत नाहीत."

"आणि न्हाई आवडलं तर?"

"तरी येत नाहीत..."

शेजारी तार चढत होती.

मग बापूंनी डाव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर सारली.

केतकी तो हात पहिल्यांदाच बघत होती. मनगटाशी तुळस होती. मोजक्या जाड रेघा, बालवाडीतल्या पोराने काढल्यासारख्या, पण पान न् पान वेगळं दिसत होतं. वर एक शंख होता, एक स्वस्तिक होतं. आणि कोपराच्या खाली एक हिरवट काळा डाग. दौत सांडावी तसा.

"सांग बघू, ज्या दिवशी गोंदलं त्या दिवशी सगळ्यात देखणं कुठलं असंल?"

"ही तुळस. अजून किती स्वच्छ आहे!"

"तुळस नामानं काढली. हसत हुते त्याला सगळे. म्हणं, बापू, हात वाया घालवलासा." बापूंनी डागावर बोट ठेवलं. "देखणा ह्यो. शंकरचा घोडा. आयाळीचा केस न् केस मोजून घ्यावा. अख्खी गल्ली बघायला आल्ती."

केतकीने डाग निरखला. त्यात घोडा कुठेच नव्हता.

फोनमधल्या त्या केसासारख्या रेघा आता कुणाकुणाच्या दंडावर, पाठीवर काय करत असतील? तिला एकही ठाऊक नव्हती.

"बस," बापू म्हणाले. "सुई लाव."

"आज?"

"हात मागायला आलीस न्हवं? मग घे की."

दुसरी असती तर तिने पाय मागे घेतला असता. केतकीने हात धुतले.

तिने घरून नक्षी उतरवून आणली होती. मोरपीस. शेकडो बारीक रेघा, वर्षभराची सगळी कमाई त्यात ओतलेली. डागाच्या वरची मोकळी जागा तिने स्पिरिटने पुसली, कागद दाबला, सोलला. जांभळी नक्षी हातावर उमटली. फारच सुंदर दिसत होती.

तिने मशीन सुरू केलं आणि डाव्या अंगठ्याने कातडी ताणली.

कातडी दुधावरच्या सायीसारखी हलली. म्हाताऱ्या माणसाची कातडी, पातळ आणि सैल. तिने अंगठा जरा पुढे नेला, पुन्हा ताणून पाहिलं. मग डोळे मिटून नुसता अंगठा ठेवून बसली.

मशीन सुरूच होतं.

तिने ते बंद केलं. स्पिरिटचा बोळा घेतला आणि सगळी नक्षी पुसून टाकली.

"का गं?"

"राहणार नाही हे, बापू. सुंदर आहे, पण राहणार नाही."



तिने जाड सुई लावली. कागद घेतला नाही, नक्षी घेतली नाही. मधली दांडी ओढली. डावीकडे थोड्या रेघा, उजवीकडे थोड्या. वर एक डोळा. प्रत्येक रेघेच्या शेजारी कोरी कातडी मोकळी सोडली. हात हलका होता आणि कुठेही अडखळला नाही. वर्षभरापूर्वी हे तिला जमलं नसतं, आणि कालपर्यंत तिने ते केलं नसतं.

तिने रक्त टिपलं.

बापूंनी हात उजेडाकडे नेला.

"बाकीच्या रेघा कुठायत?"

"त्यांची जागा ठेवलीय. शाईला पाय पसरायला."

बापू मोठ्याने हसले. शेजारची तार क्षणभर थांबली.

केतकीचा हात सवयीने फोनकडे गेला. तिने फोन उचलला... आणि पालथा घालून ठेवून दिला.

मग सरळ बापूंकडे पाहत ती म्हणाली,

"बापू, हे टिकेल. मला खात्री आहे."

"मलाबी हाय."

"मग पाटी लावू?"

बापूंनी हातावर स्वच्छ फडकं बांधलं. बाही हळूहळू खाली ओढली. मनगटाशी बटण लावलं.

"खपली पडू दे."