मलमलीखालची फुलं

राज्य कोणत्या राजाचं होतं हेही आता कुणाला आठवत नाही, इतकी जुनी ही गोष्ट.

त्या राज्यात नदीकाठी एक माळीण राहत होती. तिच्या मळ्यात एकच फूल असे, श्वानमुखी. उंच सरळ दांड्यावर खालून वर उमलत जाणारं, आणि गाल दाबले की पिल्लासारखा जबडा उघडणारं. हिवाळाभर ती दांडे कापून राणीच्या महालात पाठवी.

एकदा महालातली दासी निरोप घेऊन आली. "तुझी फुलं तिसऱ्या दिवशी गळतात. पाहुण्यांसमोर नुसता सडा पडला. पुन्हा असं झालं, तर राणीसाहेब दुसरीकडून फुलं मागवतील."

दुसऱ्या दिवशी माळीण सकाळपासून बांधावर बसून राहिली. एक काळा भुंगा आला. जोर लावून त्यानं फुलाचा जबडा उघडला, आत शिरला आणि अंगभर पिवळी पूड माखून बाहेर पडला. तो ज्यात शिरला, ते प्रत्येक फूल दोन दिवसांत गळलं. ज्यात तो शिरला नाही, ते टवटवीत राहिलं.

"सापडला चोर!" ती म्हणाली.

तिनं मलमल आणून वाफे झाकले. फुलं दहा-दहा दिवस टिकू लागली. महालातून शाबासकी आली.

शेवटचा वाफा दर वर्षी बियाण्यासाठी राखलेला असे. तोही ती झाकू लागली, तेव्हा म्हातारा सासरा काठी टेकत आला.

"सूनबाई, एवढा तरी उघडा राहू दे. आजवर तो कुणी झाकला नाही."

"का नाही झाकला, मामंजी?"

"ते मलाही ठाऊक नाही."

"मग कशाला? इथे त्याला चटक लागली, की तो बाकीच्या वाफ्यांतही घुसेल. मला पुन्हा बोलणी खायची नाहीत."

आणि तिनं तो वाफाही झाकला.

चैत्रात दांडे वाळले. तिनं ते सुपावर झटकले. एरवी काळं बी भुकटीसारखं झरझर पडे. यंदा नुसता फोल उडाला. चिमूटभरही बी निघालं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मळा ओसाड राहिला. महालात दुसऱ्याची फुलं गेली. माळीण डोंगरापलीकडच्या एका माळ्याकडे खुरपणीला लागली. मजुरीऐवजी तिनं बी मागितलं. त्याचे वाफे उघडे पाहून तिला राहवेना.

"दादा, भुंगा शिरतो की यात!"

"शिरू दे. तो शिरला नाही, तर बी कुठून धरणार?"

"पण फूल गळतं ना!"

"गळतं. आणि मागे बियांचं बोंड राहतं."

माळणीनं खुरपं खाली ठेवलं आणि गळलेल्या फुलाच्या जागी धरलेलं हिरवं बोंड बोटांनी चाचपून पाहिलं.

बी घेऊन ती घरी आली, तेव्हा सासरा ओसरीवर होता. ती म्हणाली, "मामंजी, तुम्ही सांगत होतात ते मी ऐकलं नाही." त्या वर्षी तिनं अर्धे वाफे झाकले, अर्धे उघडे ठेवले. महालाचं बोलावणं काही परत आलं नाही. तिची फुलं गावच्या बाजारात विकली जाऊ लागली, आणि मळा मात्र पुन्हा कधी रिकामा राहिला नाही.

तात्पर्य: आजचं नुकसान करणाऱ्याला दार बंद करण्याआधी, उद्याचं काही त्याच्याच हाती नाही ना, हे पाहावं.