पावती घेतल्याशिवाय सोडायचं नाही

चूक दाजीसाहेब खराड्यांची. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात विचाराल तर सगळे बिरूचं नाव घेतील.

माळसोनवडीत बिरू नावाचा एक भोळा शिपाई होता. ग्रामपंचायतीत चार वर्षं रोजंदारीवर. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा. अशा माणसाला सांगताना सांगणाऱ्याला डोकं वापरावं लागतं. आमच्याकडे सांगायचं काम वडीलधाऱ्यांकडे असतं.

गावात मध्यंतरी ड्रोनचं खूळ आलं होतं. एकाने घेतला म्हणून दुसऱ्याने घेतला. दोन वर्षांत निम्मे उसात पडले, दोन विहिरीत गेले, एक चिंचेवर अजून आहे. मोडलेले टाकून द्यायला म्हातारी माणसं तयार नव्हती. कधीतरी लागतील म्हणून त्यांनी ते माळ्यावर ठेवले. कशाला लागतील ते कुणी सांगितलं नाही. मग एकाने फुगलेली बॅटरी उकिरड्यात फेकली. उकिरडा पेटला, शेजारची कडब्याची गंज गेली. तेव्हा ठरलं, की गावातले सगळे मोडके ड्रोन तालुक्याच्या ई-कचरा केंद्रात द्यायचे. तिथे ते नीट सुटे करतात. तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं, बॅटऱ्या वेगळ्या.

गावाच्या स्वच्छता समितीचे अध्यक्ष दाजीसाहेब. त्यांनी काम बिरूवर टाकलं. नीट पार पाडलंस तर कायम करायचा ठराव घेऊ, म्हणाले. बिरूला कायम व्हायचंच होतं. शेजारच्या गावच्या लोचनाशी त्याचं जमत आलं होतं. तिच्या वडिलांची एकच अट होती, जावई कायम पाहिजे.

बिरूने पहिले चार ड्रोन पोत्यात कोंबले. वर पाने आणि पक्कड टाकली, म्हणजे तिकडे सुटे करायला बरे. पोतं सायकलला बांधलं आणि निघाला. एसटी स्टँडपाशी पोत्यातून धूर आला. पोतं जळालं, पायजम्याचा एक पाय जळाला.

दाजी म्हणाले, "गाढवा, आधी बॅटरी काढायची. मग वस्तू हलवायची."

बिरू म्हणाला, "बरं दाजी. ध्यानात ठेवतो."

हे जायच्या आधी सांगता आलं असतं. पण आधी सांगितलं तर ओरडायला काय उरणार.

चार दिवसांनी ग्रामसभा होती. दाजींनी बिरूला माईक आणायला पाठवलं. बिनवायरचा माईक. बिरूने आधी बॅटरी काढली, मग माईक हलवला. दाजी तासभर बोलले. मागच्या रांगांना फक्त हात हललेले दिसले. लोकांना ती सभा आवडली.

सभा संपल्यावर दाजींनी बिरूला सगळ्यांदेखत झापलं. म्हणाले, "चालू आहे का बंद, ते आधी बघत जा. आवाज देऊन बघ, हलवून बघ. चालू असेल तर हात लावू नकोस. बंद असेल तरच बॅटरी काढ."

"बरं दाजी. ध्यानात ठेवतो."

ध्यानात ठेवतो म्हणजे ठेवतोच. त्यात खोट नव्हती.

पुढची खेप बिरूने बरी केली. एकेक ड्रोन हलवून पाहिला. बंद होते त्यांच्या बॅटऱ्या काढल्या आणि पंचायतीच्या घंटागाडीतून सगळं नेलं. केंद्रावर कुंभारबाई असतात. त्यांनी माल तपासला आणि बिरूला समजावलं, की पुढच्या वेळी जे उघडं दिसेल त्याला चिकटपट्टी लावा आणि खाली कोरडी वाळू पसरा, म्हणजे वाटेत आग लागणार नाही. या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं बोलणारं हे एकच माणूस. बिरू खुशीत परत आला.

दाजींनी विचारलं, पावती कुठाय. पावती नव्हती. जिल्ह्याच्या समितीचे लोक तपासायला आले की त्यांना काय दाखवायचं, तुझं तोंड? असं बरंच बोलले. शेवटी म्हणाले, "पावती घेतल्याशिवाय वस्तू हातातून सोडायची नाही."

"बरं दाजी."

त्याच आठवड्यात बिरूच्या आईने त्याला लोचनाच्या घरी पाठवलं. सोबत ओटीचा नारळ आणि खण. लोचनाच्या आईने हात पुढे केला. बिरूने नारळ सोडला नाही. ती ओढतेय, हा धरून बसलाय. म्हणाला, "आधी पावती द्या, मावशी."

लोचनाचे वडील उठून उभे राहिले. मावशींनी कपाळाला हात लावला. लोचनाने मात्र आतून वही आणली आणि लिहून दिलं, एक नारळ, एक खण, मिळाले. खाली सही. बिरूने नारळ सोडला. पोरगी हसत होती. तिला तो आवडला होता, हे सगळ्यांना दिसलं.

वडिलांना नाही आवडला. ते थेट दाजींकडे आले, की हे काय खूळ भरवलंय पोराच्या डोक्यात. आता इथे दाजींनी बिरूला बाजूला घेऊन दोन वाक्यं सांगायची होती. पण मग आपण अर्धवट सांगितलं हे कबूल करावं लागलं असतं. ते आमच्या गावात साठीनंतर कुणी करत नाही. दाजी मिशीवर हात फिरवून म्हणाले, "त्याने बरोबर केलं. माझा नियम म्हणजे नियम. कशालाही लागू, कुणालाही लागू."

बिरू दारात उभा होता. त्याने तेही ध्यानात ठेवलं.

मग जिल्ह्याची समिती आली. आधी केंद्रावर कागद बघणार, मग गावात येणार. सरपंच तिकडे गेले आणि तिथून बिरूला फोन केला, की दाजींना केंद्रावर घेऊन ये.

दाजी पुरणपोळी जेवून ओसरीवर आरामखुर्चीत पडले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. बिरूने आवाज दिला. उत्तर नाही. खांदा धरून हलवलं. हालचाल नाही. पुन्हा आवाज दिला. दाजींची झोप तशीच आहे, शेजारी जातं फिरवलं तरी मोडत नाही. पण बिरूला नियम माहीत होता. बंद होते.

कानात यंत्र होतं. त्याची बॅटरी काढली.

तोंड उघडं होतं. चिकटपट्टी लावली.

घंटागाडीत कोरडी वाळू पसरली, ड्रायव्हरला हाताशी घेतलं आणि दाजींना खुर्चीसकट वर ठेवलं. घंटागाडी गाणं वाजवत तालुक्याला गेली. वाटेत लोकांनी नमस्कार केले. दाजींनी कुणालाच उत्तर दिलं नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. ते एरवीही देत नाहीत.

केंद्राच्या अंगणात समिती बसली होती. बिरूने आणि ड्रायव्हरने खुर्ची उतरवून वजनकाट्यावर ठेवली. कुंभारबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बिरू, हे काय आणलंस?"

"जुनं आहे, बाई. आवाज दिला, हलवून पाहिलं, बंद पडलंय. बॅटरी काढलीय. पावती द्या."

समितीतला एक साहेब पाणी पीत होता. ते त्याच्या नाकातून आलं. त्या आवाजाने नव्हे, तर वाटेत लेंग्यात गेलेली वाळू टोचली म्हणून दाजी जागे झाले. त्यांनी चिकटपट्टी ओढली. डाव्या बाजूची निम्मी मिशी तिच्याबरोबर आली. ते ओरडायला लागले. समोरचे काय म्हणतात ते त्यांना ऐकू येत नव्हतं. बिरू समोर हात पुढे करून उभा होता.

समितीने गावाला पूर्ण गुण दिले. कागदावर गोळा केलेला एकूण एक ड्रोन जमा झाला होता, एकाही बॅटरीला आग लागली नव्हती. सत्कार दाजींचा झाला.

बिरूला कामावरून काढलं. लोचनाचं लग्न माघात तिकडच्या एका तलाठ्याशी झालं.