मैदानातून जाणारी तिरडीची वाट

त्या दिवशी फाटक उघडू नका, असे सांगणारी मीच होते. काळभैरव तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाची मी तेव्हा चिटणीस होते. हे आधी सांगितल्यावाचून पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

आता मैदानाकडे पाहा. मधल्या वर्तुळाला छेदून एक पायवाट पलीकडच्या स्मशानाकडे गेली आहे. तिच्यावर गवत धरत नाही. चेंडू तेथे वेडावाकडा उसळतो, आणि पाहुणे खेळाडू आमच्या या उघड्या पट्ट्याला हसतात. हसू देत.

असे सांगतात, की संस्थानच्या काळी हे रामजी कुंभाराचे शेत होते. ओढा या शेताला वळसा घालतो. शेतातून गेले तर कोरड्या पायांनी स्मशान गाठता येते. बाहेरून जायचे तर ओढ्यात उतरावे लागते. रामजीने भोवती काटेरी कुंपण घातले होते आणि कोणाचीही तिरडी तो आतून जाऊ देत नसे. पुढे ऐन भाद्रपदात तो स्वतःच वारला. कुंपण सवयीने बंदच होते आणि लोकही सवयीने ओढ्यात उतरले. पाण्याला ओढ होती. तिरडी खांद्यांवरून सुटली, ती म्हणे तीन दिवस शोधूनही सापडली नाही. चौथ्या दिवशी त्याची बायको सगुणाबाई हिने ते कुंपण उघड्या हातांनी उपटले आणि शेत तालमीला देऊन टाकले. तिची अट एकच होती. “खेळा, नाचा, काय वाटंल ते करा, पर मेल्या माणसाला वळसा घालाय लावू नका.”

ही अट तालमीने तीन पिढ्या पाळली. ती मोडली आम्ही.

शहरातील साखळी स्पर्धेत आमच्या संघाला कधीही प्रवेश मिळाला नव्हता. मैदानाला कुंपण हवे आणि सामना चालू असताना बाहेरचा माणूस आत येता कामा नये, असा तेथील नियम होता. आल्यास यजमान संघ बाद. सहा वर्षे मी पत्रव्यवहार केला. अखेर कुंपण उभे राहिले, फाटक बसले आणि पात्रतेचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर ठरला. आम्ही एका गोलने पुढे होतो. बारा मिनिटे उरली होती. त्या वेळी तिरडी आली.

तिरडी अण्णा कुंभारांची होती. सगुणाबाईंचे ते नातू. तीस वर्षे त्यांनी या मैदानावर चुन्याची फक्की मारली होती. त्यांना मुलगा नव्हता; त्यांची मुलगी रत्ना विस्तवाचे मडके धरून पुढे चालत होती. ती माझी विद्यार्थिनी.

“बाई, फाटक काढा.”

“रत्ना, बारा मिनिटे थांब. फक्त बारा.”

“मडं खांद्यावर घेऊन थांबायचं व्हय?”

मागून कोणी तरी म्हणाले, “असू दे गं, अण्णाबी बघतील की म्याच फुकटात!” काही जण हसले. रत्ना हसली नाही.

“बाई, आमच्या पणजीनं दिलेली जागा हाय ही.”

“मला ठाऊक आहे,” मी म्हणाले. “पण नियम आहे.”

तिने मडके छातीशी धरले आणि ती ओढ्याकडे वळली.

पाणी मांडीपर्यंतच होते. तरी शेवाळावरून एकाचा पाय सरकला, तिरडी कलली आणि अण्णांचे पाय भिजले. हे सर्व मैदानातून दिसत होते. आमचा कप्तान बाजीराव सुतार चेंडू घेऊन पुढे निघाला होता. तो थांबला, चेंडू तेथेच सोडून कुंपणावरून उडी मारून ओढ्यात उतरला. त्याच्यामागे उरलेले दहा जण गेले. पाहुण्या संघासमोर मोकळा गोल होता. पण त्यांच्यातील कोणीही चेंडूला पाय लावला नाही. पंचांनी घड्याळ पाहिले, शिट्टी वाजवली आणि सामना अर्धवट सोडल्याबद्दल आमचा संघ बाद केला. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. मी त्यांच्या कागदावर सही केली.

आजही तिरडी आली की चेंडू असेल तेथे थांबतो. दोन्ही संघ वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात. आमचा संघ आजही साखळीबाहेर आहे. नव्या मुलांना ते खुपते.

अण्णांच्या तेराव्यानंतर तालमीत सभा झाली. कुंपण काढावे आणि साखळीकडे पुन्हा अर्ज करू नये, असा ठराव बाजीरावने मांडला. मी विरोधात बोलले. पुढल्या पिढीच्या संधीवर आपल्याला हक्क नाही, असे मी म्हणाले आणि चिटणीसपदाचा राजीनामा पुढे ठेवला. त्यावर रत्ना उठली.

“राजीनामा नगं. ठराव आमाला मान्य हाय, पर एक जोडा त्यात. तिरडी आली की ख्योळ बाईंनी थांबवायचा. शिट्टी पंचाची नाय, हात बाईंचा. जिवंत हायत तवर.”

बाजीरावने हात वर केला, मग त्याच्या दहा जणांनी, मग तालमीतील थोरांनी. विरोधात एकही हात नव्हता. सर्वांत शेवटी मी हात वर केला आणि ठराव माझ्याच अक्षरात लिहिला.