ठकूबाईची चौकट

पाचवाडीच्या तळ्याकाठी पंचायतीची चावडी आहे. तिला पाच दारं आहेत आणि भिंत एकही नाही. दगडी जोत्यावर लाकडाच्या पाच चौकटी उभ्या, वर कौलारू छप्पर. चार चौकटी उंच नि नक्षीदार, पाचवी मात्र बुटकी, धुरानं काळवंडलेली. चारी बाजू मोकळ्या असूनही इथं माणसं त्या बुटक्या चौकटीतूनच आत जातात. नवखा पाहुणा बाजूनं शिरू लागला की त्याचा हात धरून त्याला माघारी आणतात आणि मग ही हकिकत सांगतात.

फार मागे, म्हणे, सरकारातून हुकूम आला की पाचही वाड्यांनी मिळून पंचायत करावी आणि आपला कारभार आपणच पाहावा. इथपर्यंत सगळे खूश होते. पण चावडी बांधायला घेतली आणि दार कुठल्या वाडीकडे करायचं यावरून जुंपली. ज्या वाडीकडे चावडीची पाठ, तिचं कोण ऐकणार? महिनाभर भांडून शेवटी ठरलं, की प्रत्येक वाडीनं आपली चौकट आणावी, आपल्या दिशेला उभी करावी, आणि ज्या वाडीची चौकट तिचा एक पंच. भिंतींचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमचे पूर्वज भांडणात हुशार होते, बांधकामात जरा कमी.

अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त धरला. वरच्या वाडीच्या येसाजी पाटलानं सागवानाची चौकट आणली, बाकीच्यांनी फणसाच्या, जांभळाच्या, शिसवाच्या आणल्या. कुंभारवाडीकडे मात्र काहीच नव्हतं. कुंभारांच्या हाती लागेल ते लाकूड आव्यात मडकी भाजायला जायचं, साठणार कुठून? आणि पंचायतीपुढचा पहिला विषय तर त्यांच्याच जिवाचा होता. तळ्यातली माती काढल्यानं पाणी मुरून जातं, तेव्हा कुंभारांना तळं बंद करावं, असं येसाजीचं म्हणणं. दिवस मावळेपर्यंत चौकट उभी राहिली नाही, तर हा निकाल कुंभारांवाचून लागणार होता.

कुंभारवाडीत ठकूबाई नावाची विधवा राहायची. चाक फिरवायला तिचा मुलगा होता, पण माती निवडायची ती. ओल्या मातीची चिमूट जिभेवर ठेवून ती मडकं टिकेल की तडकेल ते सांगायची. माती बंद झाली तर वाडी उठून जाणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. त्या दुपारी ती बराच वेळ आपल्याच उंबऱ्यावर बसून राहिली. याच उंबऱ्यावरचं माप ओलांडून ती घरात आली होती. नवऱ्याला शेवटचं बाहेर नेलं तेही इथूनच. मग ती उठली आणि मुलाला म्हणाली, पहार आण. घराची चौकट काढताना ती रडत होती आणि पहारही तीच मारत होती, असं सांगतात.

ऊन कलताना मायलेक चौकट घेऊन जोत्यावर आली. सुतारानं ती उभी केली, ठकूबाईनं हळदकुंकू वाहिलं. येसाजी हसला. एवढ्याशा दारातून माणूस जाणार कसा, म्हणाला. ठकूबाई शांतपणे म्हणाली, "आमच्या घरात समदे वाकूनच येत्यात, पाटील. कुनाचं काई बिघडलं न्हाई."

येसाजी इरेला पेटला आणि ताठ मानेनं त्या दारात शिरला. वरचं लाकूड कपाळाला लागलं, पागोटं खाली पडलं. कुणी हसायची हिंमत केली नाही. ठकूबाईनं पागोटं उचललं, धूळ झटकून त्याच्या हातात दिलं आणि विचारलं, "लई लागलं का?" माणूस तापट होता, पण वाईट नव्हता. कपाळ चोळत तो तिच्याशेजारी खाली बसला आणि त्यानं तिचं म्हणणं ऐकून घेतलं. वरचा गाळ पाचही वाड्यांनी उपसून शेतात न्यावा, खालची चिकण माती कुंभारांनी न्यावी, पण पाणी धरून ठेवणारा तळाचा थर कुणीच फोडू नये, असं ठरलं. त्या पावसाळ्यानंतर तळं उन्हाळाभर आटलं नाही.

पुढे येसाजी स्वतः नवी सागवानी चौकट घेऊन तिच्या घरी गेला. ती तिनं घेतली नाही.

"माझं घर उघडंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ज्या दिशी आमचं कुनी ऐकनार न्हाई, त्या दिशी मी माझी चौकट न्यायला येईन. आनि ती बसवायला जागा नको?"

मरेपर्यंत ती बिनदाराच्या घरात राहिली. पावसाळ्यात वाड्यावाड्यांतून कुणी ना कुणी दाराच्या जागी कुडाच्या ताट्या बांधायला जायचं, येसाजीही जायचा. त्या घराला अजून चौकट नाही. तिचे पणतू दर पावसाळ्याआधी ताटी बदलतात आणि कुरकुर करतात, पण दार बसवत नाहीत.

आजही सभा भरली की सरपंच आधी त्या बुटक्या चौकटीतून वाकून आत येतो. मग कुंभारवाडीकडे तोंड करून विचारतो, "ठकूबाईची चौकट ऱ्हाऊ द्यायची का न्यायची?" तिथलं कुणीतरी उठून म्हणतं, "ऱ्हाऊ द्या." ते ऐकल्याशिवाय पाचवाडीत कुणी खाली बसत नाही.