तड्याचे टोक

एकदा एक माणूस सलग दोन वर्षे रागावलेला होता. त्याचे नाव प्रसन्न. नाव ठेवताना आईवडिलांना पुढचे काय दिसणार, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. सकाळी दात घासताना हा माणूस एका दुधाच्या टेम्पोवाल्यावर चिडलेला असे, दुपारी जेवतानाही त्याच टेम्पोवाल्यावर, आणि संध्याकाळी त्याला कोणी चहाला बोलावले तर चहा निवेपर्यंत विषय तोच. आपला राग सात्त्विक आहे असे त्याचे ठाम मत होते. मला अशा माणसांची भीती वाटते, कारण आपला राग सात्त्विक आहे असे ज्याला वाटते तो थांबत नाही.

त्याच्या रागाला कारण होते, हे आधी कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, तो मोटरसायकलवरून तालुक्याला चालला होता. मागे धाकटी बहीण शलाका बसली होती. पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला, यानेही मारला, आणि गाडी हँडलखाली, ज्याला गॅरेजवाले गाडीची मान म्हणतात तिथे, मोडून पडली. शलाकाचा डावा पाय खाली सापडला आणि घोट्यापासून काढावा लागला. ती गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होती. याच मोटरसायकलवरून ती वाड्यावस्त्यांवर जाऊन जनावरांना लस टोचत असे, आणि त्या कामात तिचा जीव होता. अपघातानंतर तिला टेबलाचे काम मिळाले. सगळ्यांनी तिला सांगितले की हे काम बरे, सावलीतले. वस्तीचा रस्ता दिसणाऱ्या खिडकीशी बसायला मात्र तिने नकार दिला.

प्रसन्नने पोलिसांत जबाब दिला की टेम्पोवाल्याच्या निष्काळजीपणामुळे हे झाले. मालकाने टेम्पोवाल्याला कामावरून काढले. त्या दिवशी प्रसन्नने पेढे वाटले नाहीत, एवढेच म्हणायचे.

मग त्याच्या मनात आले की त्याच जुन्या गाडीतून बहिणीसाठी नवी गाडी घडवायची. गिअर पायाने न टाकता हाताने टाकता यावा, कृत्रिम पाऊल टेकायला डावीकडे रुंद पट्टी असावी, बैठक खाली घ्यावी. विचार उत्तम होता, यात शंका नाही. त्यासाठी तो हणमंत मेस्त्रींकडे गेला. मेस्त्रींनी चाळीस वर्षे गाड्या दुरुस्त करून आता गॅरेज बंद केले होते. त्यांनी एक अट घातली, की काम तू करायचे, मी फक्त बसून सांगणार. प्रसन्नच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते रोज येऊन उलट्या डब्यावर बसू लागले. दृष्टांतांतले गुरू मंद स्मित करतात म्हणे. हे करत नसत. पाना चुकीचा उचलला की त्यांच्या कपाळावर आठ्या पडत, आणि त्या लवकर उतरत नसत.

शिष्य तल्लख होता, पण हातात राग होता. नट आवळताना तो जणू त्या टेम्पोवाल्याचाच गळा आवळी. परिणामी तीनदा आटे गेले आणि तीनदा मेस्त्रींनी त्याला तेच काम पुन्हा करायला लावले. एकदा त्यांनी त्याला लोखंडातला तडा कसा सांधायचा ते शिकवले. आधी तड्याचे टोक शोधायचे. डोळ्यांना जिथे संपलेला दिसतो त्याच्या पुढेच तो कुठेतरी संपत असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसायचे, कोरडे करायचे आणि वर खडू फिरवायचा. आत मुरलेले रॉकेल खडूवर उमटते आणि रेघ दिसते. त्या रेघेच्या टोकाला बारीक भोक पाडले की तडा पुढे सरकत नाही. मग तडा उकरायचा, आणि त्यानंतर वेल्डिंग. प्रसन्नने हे सगळे वहीत लिहून घेतले. वहीत लिहून घेणाऱ्यांबद्दल मला जे वाटते ते इथे लिहीत नाही.

मेस्त्री आठ दिवसांसाठी नातीच्या लग्नाला गेले. परतले तेव्हा गाडीची मान सांधलेली होती, वेल्डिंग घासून गुळगुळीत केलेले होते आणि सगळ्या सांगाड्याला सुरेख हिरवा रंग बसला होता. टोकाला भोक पाडलेस का, असे त्यांनी विचारले. प्रसन्न हो म्हणाला. पुढचे तीन महिने इंजिन, तारा, चाके यांत गेले.

गाडी पुरी झाली तो रविवार होता. सोमवारपासून वस्तीवर जाते, असे शलाकाने साहेबांना सांगून ठेवले होते. गल्लीतली माणसे जमली, मोबाइल वर झाले. शलाका फाटकाला टेकून उभी होती आणि गाडीकडे अशी पाहत होती की प्रसन्नला त्या क्षणी तरी राग आठवला नसेल. मेस्त्री पुढे झाले. त्यांनी पान्याने सांगाड्यावर जागोजाग हलके ठोकले. सगळीकडे टणटण आवाज आला. मानेखालच्या नळीवर मात्र बद्द आला. त्यांनी पुन्हा ठोकले, डोळे मिटून ऐकले, आणि हत्यारांच्या पेटीतून लोखंड कापायची करवत काढून त्या नव्याकोऱ्या हिरव्या नळीवर चालवायला सुरुवात केली.

गल्ली आधी हसली आणि मग हसायची थांबली. प्रसन्नने धावत जाऊन त्यांचे मनगट धरले. आठ महिने राबलो, तुम्हाला म्हातारचळ लागला आहे, माझ्या बहिणीच्या डोळ्यांदेखत तुम्ही हे काय करता आहात, असे तो त्यांना वाटेल ते बोलला. एकेकाळी ज्यांच्या पाया पडला होता त्यांना तो अरेतुरेवर आला. मेस्त्रींच्या तोंडावर भीती नव्हती, शांतीही नव्हती. त्यांचे डोळे रागाने लाल झाले होते.

"हात सोड," ते म्हणाले. "तू सोडलास तर बरं हाय."

त्याने सोडला. मेस्त्रींनी दोन बोटे नळी कापली आणि फटीत छिन्नी घालून जरासा दाब दिला. उरलेली नळी करवत न लावता आपोआप उघडली. वेल्डिंग वरच्या बाजूला सायीसारखे पातळ बसले होते, आणि खालच्या बाजूने तडा हिरव्या रंगाखाली निवांत पुढे गेला होता. शलाकाने पहिल्या उतारावर ब्रेक मारला असता आणि पुढचे चाक सुटून गेले असते. हे समजायला गल्लीतल्या कोणाला मेस्त्री असण्याची गरज नव्हती. मोबाइल खाली आले.

मेस्त्रींनी प्रसन्नला खाली बसवले आणि नळीच्या तोंडात बोट दाखवले.

"हितं चमकतंय बघ, हे मी आत्ता कापलं. हितं तांबडा गंज हाय, हे अपघातात फाटलं. आणि हितं, खालच्या अंगाला, तड्याच्या पोटात काळा रंग हाय. गाडी कंपनीतनं लाल आली. आता तू हिरवी केलीस. मग काळी कवा केलीस?"

उत्तर फाटकातून आले.

"दसऱ्याला," शलाका म्हणाली. "खंडेनवमीला ब्रशने रंग दिला होता त्याने."

इथे मी प्रसन्नला वाचवू शकतो. तो विसरला होता असे लिहिले की काम भागते, आणि वाचकही त्याला क्षमा करून पान उलटतील. पण तो विसरला नव्हता. रंग देताना मानेखाली केसाएवढी रेघ त्याला दिसली होती. दिवाळीनंतर मेस्त्रींना दाखवू, असे म्हणून त्याने तिच्यावर ब्रश दोनदा फिरवला. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ घातली आणि मानेला हळदकुंकू लावले. गाडी सणाला चकचकीत दिसली पाहिजे, ही आपल्याकडची रीत आहे, आणि तिच्यात वाईट काही नाही. पण गाडीची पूजा करायला वेळ असणारा माणूस गाडी दाखवायला वेळ नाही म्हणतो, तेव्हा माझे डोके फिरते.

"टेम्पोनं ब्रेक मारला हे खरं हाय," मेस्त्री म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण प्रत्येक शब्द दाबून येत होता. "त्यानं फार तर तू धडकला असतास, गुडघे फुटले असते. मान मोडली ती ह्या तड्यानं. तड्याला तू हळदकुंकू वाहिलंस, प्रसन्न. तुझा राग बघून मला वाटायचं, पोराचं दुःख मोठं हाय. पण रागालाबी टोक असतंय. ते तू शोधलं न्हाईस, कारण ते तुझ्याच हातापाशी येऊन संपत हुतं. म्हणून दोन वर्षं वरनं वेल्डिंगचा डाग देत बसलास. बाकीच्यांनी नुसता रंग बघितला."

प्रसन्न जमिनीवरच बसून राहिला. शलाका कुबडी न घेता, शेडच्या खांबांना धरत धरत आली. ती रडली नाही. रडली असती तर त्याला बरे वाटले असते.

"त्या माणसाला तू काय काय बोललास, दादा. तुझं ऐकून मीही बोलले. त्याच्या बायकोसमोर बोलले." "आधी त्याच्याकडे जा. मग पोलिसांत जाऊन जबाब बदल. तोवर या गाडीला हात लावायचा नाही."

तो गेला. टेम्पोवाला आता एका पोल्ट्रीवर पिंजरे धूत होता. त्याने सगळे ऐकून घेतले, बसायला सांगितले नाही, आणि ऐकून झाल्यावर पुन्हा पाण्याची नळी सुरू केली. पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या, कारण आपलाच जबाब आपणच खोटा ठरवायला आलेला माणूस तिथे कोणी पाहिला नव्हता. हे सगळे करताना प्रसन्नला हलके वगैरे वाटले नाही. टेम्पोवाल्यावर चिडणे किती सोपे होते, एवढेच त्याला जाणवत राहिले.

महिन्याभराने शेड पुन्हा उघडली. मेस्त्री डब्यावर येऊन बसले. खराब नळी कापून टाकली होती, पण तडा तिथून मानेच्या जाड पट्टीतही शिरला होता आणि ती पट्टी वाचवायची होती. शलाकाने ड्रिल मशीन हातात घेतले.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती भावाला म्हणाली. "भोक मी पाडणार. टोक तू दाखव."

प्रसन्नने पट्टी रॉकेलने पुसली, कोरडी केली आणि खडू फिरवला. थोड्या वेळाने पांढऱ्यावर ओलसर रेघ उमटली. ती जिथे संपलेली दिसत होती तिथे मेस्त्रींनी बोट ठेवले. हे त्यांनी मुद्दाम केले की वयाने नजर कमी झाली होती, मला माहीत नाही. शलाकाने ड्रिल टेकवले.

"थांब," प्रसन्न म्हणाला. त्याने पुन्हा पुसले, पुन्हा खडू लावला आणि पट्टीला डोळा टेकवून बराच वेळ पाहत राहिला. मग आपल्या नखाने एक जागा दाखवली. "अजून पुढे आहे."

मेस्त्रींच्या कपाळावरच्या आठ्या त्या दिवशी पहिल्यांदा उतरल्या. शलाकाने तिथेच भोक पाडले, आणि आता ती वस्तीवर जाते.

आपल्या रागावर रॉकेल ओतणारे पुष्कळ भेटतात. तेच रॉकेल फडक्यावर घेऊन, वर खडू फिरवून, टोक कुठे जाते ते पाहणारा मला तरी एकच ठाऊक आहे, आणि त्यालाही ते जमायला दोन वर्षे लागली.